दे इकडे, मी करते

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारची रात्र, पावणेअकरा वाजून गेलेले. घरातली सगळी झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, माझ्या लेकीने केलेल्या हलव्याच्या हाराच्या गाठी सोडवत होते.

लेक चौथीत. चार दिवस खपून तिने तो हार केला होता. कुठे दोन हलवे एकमेकांवर चढलेले, कुठे बोटभर दोरा नुसताच मोकळा, पदकाचा सोनेरी कागद एका बाजूला कललेला. पुढच्या रविवारी अंबरनाथला माझ्या नणंदेच्या बाळाचं बोरन्हाण होतं. सासरची सगळी येणार, नणंदेच्या इमारतीतल्या बायका येणार. मधला आठवडा ऑफिसात ऑडिटचा, म्हणजे घरी यायलाच नऊ. मी मनात म्हटलं, आत्ताच जरा सारखं करून ठेवू या. तिला कळणारसुद्धा नाही.

तिला कळलं. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, ती डबा उघडून बसली. हार उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. लेक डावखुरी आहे. "माझ्या गाठी या बाजूला वळतात," तिने बोट ठेवून दाखवलं. "या सगळ्या तिकडे वळल्यात. हा माझा नाहीये."

रडली नाही, आदळआपट केली नाही. डबा बंद करून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तूच दे आत्याला."

आज वर्ष होत आलं, तरी तो डबा आठवला की पोटात कालवतं. तुमच्याशी हे बोलावंसं वाटतं, कारण रात्री अकरा वाजता मुलांच्या प्रोजेक्टची कडा सरळ कापणारी, चित्राबाहेर गेलेला रंग खोडरबराने पुसणारी मी एकटीच नसेन. आपण हे करतो ते मायेपोटीच. पोर चारचौघांत हिरमुसू नये, एवढंच आपल्या मनात असतं.

आम्ही बदलापूरला राहतो. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. सकाळची गाडी चुकली की पुढची भरून येते, आणि मग ऑफिसातला लेट मार्क ठरलेला. त्यामुळे आमच्या घरात, आणि मला वाटतं कल्याणच्या पुढच्या निम्म्या घरांत, सकाळी दोन शब्द सारखे कानावर पडतात. दे इकडे.

बुटाची लेस बांधताना तिची जीभ बाहेर आलेली असते, फूल जमत आलेलं असतं, आणि खाली व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजतो. दे इकडे. वरचं बटण काजात जाता जाता निसटतं. दे इकडे. पोळीचा नकाशा होतोय. दे इकडे, गॅस उगाच जळतोय. यात रागावणं नसतं, आवाजही चढलेला नसतो. तरी प्रत्येक वेळी काम तिच्या हातातून सुटून माझ्या हातात येतं, आणि ती हात मागे घेऊन बघत उभी राहते. ते मागे घेतलेले हात मला त्या रविवारपर्यंत दिसलेच नव्हते.

दागिन्यांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते डिसेंबरात. नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी सगळे मिळून शिवमंदिरात गेलो. अंबरनाथचं हे देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं, शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. आपण दर्शन घेऊन, प्रदक्षिणा घालून निघतो. लेक मात्र बाहेरच्या भिंतीशीच खिळली. दगडातल्या त्या बायकांच्या अंगावर केवढे दागिने! गळ्यालगत एक, त्याखाली छातीवर रुळणारा दुसरा, दंडावर, मनगटावर, कमरेला. नाकडोळे झिजून पुसट झालेत, पण कमरपट्ट्याचे पदर अजून मोजता येतात. तिने मोजलेसुद्धा. आणि मग विचारलं, "आई, यांचं चुकलं तर हे काय करत असतील? दगड परत कसा जोडणार?"

मी म्हटलं, "चल बाई, सात-वीस जाईल."

तिच्या बाबाने मात्र थांबून उत्तर दिलं, की आधी साध्या दगडावर हात बसवत असतील, कितीतरी दगड वाया जात असतील, मग कुठे देवळाच्या भिंतीला छिन्नी लावत असतील. गाडीत बसल्यावर लेकीने जाहीर केलं, बाळाच्या बोरन्हाणाचे दागिने मी करणार. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं. आम्ही दोघंही मोबाइलमध्ये बघत "हो हो" म्हणालो. हलव्याच्या दागिन्यांचा तयार सेट बाजारात मिळतोच, आयत्या वेळी आणू, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मुलांना असं अर्ध्या कानाने दिलेलं "हो" पक्कं वाटतं, हे आपण विसरतो.

सामानासाठी उल्हासनगरला गेलो. घरात लग्नमुंज असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आमच्याकडची माणसं कॅम्प दोनचा बाजार गाठणारच. सोनेरी कागद, जर, टिकल्या, काळ्या दोऱ्याचं रीळ. दुकानात गल्ल्यावर एक वयस्कर सिंधी बाई होत्या. लेकीने मण्यांच्या बरणीकडे हात नेला आणि मी सवयीने म्हटलं, "हात लावू नकोस, सांडशील." त्याच क्षणी बाईंनी मूठभर मणी ताटलीत ओतून तिच्यापुढे सरकवले. "देखो बेटा, हाथ में लेके देखो. गिरेगा तो उठा लेंगे."

त्या गावाचा स्वभावच तो असावा. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेली माणसं इथे लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. हातात काही उरलं नव्हतं, तेव्हा पापड लाटले, लोणची घातली, शिवणाची यंत्रं चालवली. जे येत नव्हतं ते करत करत शिकले. बाईंनी आपल्या आजीच्या पापडांची गोष्ट सांगितली. आधी नुसते फाटायचे म्हणे, मग शेजारणीच्या हातचं बघून जमायला लागले. लेक सगळं मन लावून ऐकत होती. मी घड्याळ बघत होते.

एक गोष्ट तिथेच ठरवली, ती तुम्हालाही सांगते. बाजारात पिवळ्या धातूच्या साखळ्या, घुंगरू स्वस्त मिळतात, पण तसल्या मिश्रधातूत बऱ्याचदा निकेल असतं आणि कितीतरी पोरांच्या कातडीला ते सोसत नाही. लाल चट्टे उठतात, खाज सुटते. संमेलनाच्या नाचानंतर गळ्याला पावडर लावत बसलेल्या आया मी पाहिल्यात. बाळाच्या अंगावर तर असलं काही नकोच. म्हणून फक्त दोरा, कागद आणि हलवा.

आता हलवा म्हणजे काय, हे त्यात हात घातल्याशिवाय मलाही कुठे ठाऊक होतं? आपण तो वाटीतून चिमूटभर उचलून "गोड गोड बोला" म्हणतो, संपलं. लेकीने पहिल्यांदा सुईने ओवायला घेतला. सुई टोचली की हलवा दुभंगायचा. आत साबुदाण्याचा दाणा, वर साखरेची पुटं. त्यात सुई जाईल कशी? एका संध्याकाळी अकरा हलवे फुटले. मी म्हटलं, "सांगितलं होतं ना." खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्याचा मुकुट कापून त्यावर फेविकॉलने हलवे चिकटवले. रात्री काय सुंदर दिसत होता! सकाळी बघतो तर प्रत्येक हलवा बुडाशी ओला आणि मऊ पडलेला. फेविकॉलमध्ये पाणी, आणि पाण्यात साखर विरघळते. पाचवी-सहावीच्या विज्ञानातली गोष्ट, पण ती तिला टेबलावर सापडली. खिडकीपासून मुकुटापर्यंत मुंग्यांची रांगही लागली होती. मी मुकुट उचलून कचऱ्यात टाकला. तिने तो काढून घेतला आणि ओले हलवे एकेक करून सोलले, कुठला किती विरघळलाय ते बघत. तेव्हाही मला घाईच होती. नंतर कळलं, त्या सोलण्यात ती शिकत होती.

मग मी शहाणपणा केला. पुढची लड मुंग्या लागू नयेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत हलव्याला घाम फुटला. चिकट चिकट लगदा. ही चूक माझी होती, आणि लेक काय म्हणाली असेल? "असू दे आई. आता आपल्याला कळलं ना, फ्रिजमध्ये नाही ठेवायचं." मी तिला अकरा हलव्यांबद्दल बोलले होते. ती मला पूर्ण लडीबद्दल काहीच बोलली नाही.

चौथ्या खेपेला तिने सुई आणि गोंद दोन्ही बाजूला ठेवून दोऱ्याच्या गाठी मारायला घेतल्या. मी सोडवला तो हार म्हणजे ही चौथी खेप.

तर त्या रविवारी दिवसभर डबा टीव्हीच्या कपाटावर पडून होता. मी दोनदा म्हटलं, "अगं थोडंसंच नीट केलं." ती "हं" म्हणाली. मुलं भांडली तर आपल्याला उत्तर देता येतं. "हं" ला काय उत्तर देणार?

सोमवारी मी तो डबा पर्समध्ये घालून गाडीत नेला. आमच्या लेडीज डब्यात अंबरनाथला एक काकू चढतात. नोकरी सांभाळून दर संक्रांतीला हलव्याचे दागिने करून देतात, नव्या सुनांचे आणि बाळांचे. म्हटलं, त्यांना विचारू, ऑर्डर देऊन टाकू, विषय मिटेल. काकूंनी हार बोटांवर घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे एका हाताचं काम नाही. टोकाच्या या सात-आठ गाठी एकीच्या, मधल्या दुसरीच्या." म्हणजे टोकाशी लेकीच्या गाठी उरल्या होत्या. काकूंचा अंगठा त्यांच्यावरच थांबला. "या घट्ट आहेत. कुणाच्या?"

मी सांगितलं सगळं. शेजारच्या दोघी मटार सोलता सोलता ऐकत होत्या. कुणी मला बोललं नाही. एक जण एवढंच म्हणाली, की ती लेकाच्या भूगोलाच्या वहीतले नकाशे स्वतः रंगवते.

काकूंनी मग ऑर्डर घेतली नाही, दोऱ्याचं शिकवलं. दोरा दुहेरी घ्यायचा आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढायचा, मेण लागलं की गाठ सरकत नाही. गुळगुळीत हलवा घ्यायचाच नाही, काटा चांगला आलेला निवडायचा, दोरा त्या काट्यांत बसतो. आधी हलव्याच्या कमरेला सुरगाठ, ती हळूच आवळायची, आणि मग वर निरगाठ. दोन हलव्यांत अंतर सारखं ठेवायला मध्ये काडेपेटीची काडी धरायची. (हे ऐकून आमचे सासरे खूश झाले. अंबरनाथच्या विमकोची काडेपेटी त्यांच्या बोलण्यात अजून येते.)

"काटा येतो कसा, माहितीय?" काकूंनी विचारलं. मंद शेगडीवर परात, परातीत दाणे, वरून चमचा चमचा पाक आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. चार-पाच दिवस चालतं. पाक एकदम ओतला की दाणे चिकटून गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो. आणि हवा थंड, कोरडी लागते. म्हणून त्या पहाटे बसतात. "पहिल्या वर्षी माझ्या हलव्याला काटाच आला नव्हता. नुसते पांढरे खडे. सासूबाईंनी तेच वाटले सगळ्यांना, हिने केलेत म्हणून."

दादर आलं, काकू उतरल्या. मी पुढे सीएसएमटीपर्यंत त्या सासूबाईंचाच विचार करत होते.

रात्री घरी पोहोचायला साडेनऊ झाले. लेक जागी होती. मी चप्पल काढली आणि तशीच तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मी तुला न विचारता तुझा हार सोडला. ते चुकलं माझं."

तिने विचारलं, "का सोडलास?"

खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "वाकडा दिसत होता गं. लोक काय म्हणतील, असं वाटलं."

"मला म्हणतील की तुला?"

मी जरा वेळ गप्प बसले आणि म्हटलं, "मला."

तिने मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. मग म्हणाली, "डबा दे."

मला वाटतं, आपल्या पुष्कळशा घाईच्या तळाशी हेच असतं. मुलांचं वाकडंतिकडं काम आपल्याला स्वतःची मार्कशीट वाटतं. शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांच्या मुलांचे फोटो येतात, सगळं कसं रेखीव, आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. त्या रेखीव कामांपैकी कितीतरी रात्री अकराला झालेली असतात, हे आपल्याला ठाऊक असूनही. नोकरी करणाऱ्या आईला जास्तच वाटतं, की हिला वेळ नाही असं कुणी म्हणू नये. घरी असणारीला वाटतं, दिवसभर घरी असून एवढंही केलं नाही असं कुणी म्हणू नये. या भीतीचा भार मुलाच्या दोऱ्यावर पडतो.

त्या आठवड्यात मी जे जे करून पाहिलं, त्यातलं जे उपयोगी पडलं ते सांगते. तुमच्या घरी चालेल न चालेल, तुम्ही बघा.

सगळ्यांत उपयोगी पडले मटार. लेक गाठी मारायला बसली की मी समोर मटार सोलायला नाहीतर मेथी निवडायला बसायचे. हात रिकामे असले की ते पुढे जातातच, कितीही ठरवा. ती अडकली की माझी बोटं शिवशिवायची, मी आणखी एक शेंग उचलायचे. तिने विचारलं तरच सांगायचं, असं ठरवलं होतं. तिने दोन संध्याकाळी मिळून एकदाच विचारलं, "सुरगाठीचं टोक वरून की खालून?"

"छान झालंय" हे म्हणणंही मी थांबवलं. वाकड्याला छान म्हटलेलं मुलांना समजतं, आणि मग खऱ्या छानला किंमत उरत नाही. त्याऐवजी मी विचारायला लागले, "कुठे सुटलं?" हा प्रश्न मोठा गुणी निघाला. ती दोरा उजेडात धरून शोधायची, "इथे. मेण नव्हतं लागलं." तिच्या आवाजात चुकल्याचा सूर नसायचा, एखादी वस्तू सापडल्याचा असायचा.

फुटलेले, विरघळलेले, चपटे झालेले हलवे तिने एका डबीत ठेवले होते. मी ती डबी दोनदा फेकायला निघाले होते. आता ती तशीच ठेवली. बाबा आला की ती डबी उघडून त्याला सांगायची, हा सुईचा, हा फेविकॉलचा, हा फ्रिजचा. फ्रिजच्या वेळी माझ्याकडे बघून हसायची.

सगळंच गोड झालं असं मात्र समजू नका. गुरुवारी बाजूबंद तिसऱ्यांदा सुटला तेव्हा तिने लड भिंतीवर भिरकावली आणि "मला काहीच येत नाही" म्हणून पांघरुणात शिरली. माझ्या तोंडावर आलं होतं, जाऊ दे, आणू या तयार. पण अशा वेळी आपण लगेच तोडगा काढतो तेव्हा तिच्या "मला येत नाही" वर आपली सहीच करतो, असं मला वाटलं. मी नुसती पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळाने ती पांघरुणातूनच म्हणाली, "किती हलवे फुटले?" मी म्हटलं, "मोजले नाहीत." शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच मोजले. सहा.

आणि हो, घाई खोटी नसते. गाडी खरंच सुटते, डबा खरंच भरायचा असतो. रोज सकाळी पोराच्या लेसपाशी पंधरा मिनिटं बसणं आपल्यातल्या कुणालाच परवडणारं नाही. अशा वेळी मी आता एक वाक्य जास्तीचं बोलते. "आज उशीर झालाय म्हणून मी बांधते, तुला येत नाही म्हणून नाही. संध्याकाळी तू बांध." पाच सेकंद जातात. तिचे हात मागे जात नाहीत, बुटाच्या जवळच राहतात.

माझ्या जावेचा मुलगा आहे, त्याला मणी-दोऱ्यात काडीची गोडी नाही. तो सायकलची चेन उतरवतो आणि बसवतो, हात काळेकुट्ट करून. तिथेही चित्र हेच. जाऊबाईंचा जीव फरशीत, त्याचा जीव चेनीत.

शनिवारी रात्री मुकुट, हार, दोन बाजूबंद आणि बासरी तयार झाली. मुकुटाचा पुठ्ठा बाबाने कापला, हलवे तिने गाठवले. डबा फ्रिजमध्ये नाही, पाणी घातलेल्या परातीत मध्ये पाट ठेवून त्यावर ठेवला, मुंग्यांसाठी. तांदळाची छोटी पुरचुंडी आत टाकली, ओल धरू नये म्हणून. ही युक्ती आजीची, मिठाच्या बरणीतली. हार बघितला. पहिल्यापेक्षा पुष्कळ सरळ होता, पण एका जागी, डावीकडे, तीन हलवे जवळजवळ आलेले. माझ्या बोटांना ते दिसले. मी दिवा बंद केला.

रविवारी नणंदेकडे बाळाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. दागिने अंगाला न लावता झबल्यावरूनच बांधायचे, आणि दोन फोटो झाले की लगेच काढायचे, असं लेकीने आत्याला बजावलं. काटा बोचतो आणि सुटलेला हलवा थेट तोंडात जातो, म्हणून. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या पडायला लागल्या. पोरं गोळा करायला तुटून पडली. बायका विचारत होत्या, दागिने कुठून आणले? नणंद म्हणाली, "भाचीने केलेत." लेक माझ्या मागे लपली.

आणि बाळाने हार मुठीत धरून ओढला.

बरोबर त्या तीन हलव्यांपाशी दोरा सुटला. हलवे बोरांत, चुरमुऱ्यांत घरंगळले. आत्याने घाईघाईने बाळाची मूठ उघडून आतला हलवा काढून घेतला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी उठले. माझा हात पुढे गेलासुद्धा होता, "दे इकडे" ओठांवर होतं. मग मी खाली बसले आणि ताटातल्या शेंगा सोलायला घेतल्या.

लेक पाटाजवळ जाऊन गुडघ्यावर बसली. हाराची दोन टोकं हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"आत्या, काळा दोरा आहे का गं? आणि मेणबत्ती?"

बाळाच्या आजीने देवघरातून मेणबत्ती आणून दिली आणि तिच्यासमोर बसून दोऱ्याचं दुसरं टोक धरलं. "घट्ट धरू की सैल?" त्यांनी विचारलं.

"सैल," लेक म्हणाली. "मी सांगते तेव्हा घट्ट."